मुलांच्या फोनवर चालणारा पंजाबी विनोदी रेडिओ कार्यक्रम कसा उभा करावा

पंजाबातल्या नकलियांच्या खेळाला दोन माणसे पुरतात. एकाच्या हातात कातड्याचा चमोटा असतो. तो प्रश्न विचारतो आणि त्याला रंगा म्हणतात. दुसरा, म्हणजे बिगला, त्या प्रश्नांना भलतीच उत्तरे देतो, चमोट्याचे फटके खातो आणि सगळा हशा स्वतःच्या नावावर करून घेतो. तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्या माणसाला ही जोडी परकी वाटणार नाही. लहान मुलांनी स्टुडिओत फोन करायचा आणि निवेदकाने त्यांच्याशी हसतखेळत बोलायचे, असा पंजाबी कार्यक्रम उभा करताना पहिला निर्णय चमोटा कोणाच्या हाती द्यायचा हाच असतो. बहुतेक नवे निवेदक तो स्वतःकडे ठेवतात; मुलाला प्रश्न विचारतात, ते अडखळले की हसतात आणि त्या हसण्यालाच विनोद समजतात. घरी ऐकणारी आई हे एकदा सहन करते, दुसऱ्यांदा फोन लावून देत नाही. म्हणून चमोटा मुलाच्या हाती द्यावा आणि निवेदकाने मुकाट्याने बिगला व्हावे. पुढची सारी मांडणी याच निर्णयावर उभी आहे.

लेख लिहिताना जालंधर, लुधियाना, अमृतसर या पट्ट्यातले एखादे खासगी एफएम किंवा सामुदायिक रेडिओ केंद्र डोळ्यांसमोर ठेवले आहे. पंजाबी चमूबरोबर काम करण्याची वेळ आलेल्या मराठी निर्मात्याला किंवा ध्वनितंत्रज्ञाला तो विशेष उपयोगी पडावा.

पहिली पायरी: पात्र आधी, विनोद नंतर

केवळ आवाजावर पात्र उभे करण्याची परंपरा पंजाबीत भक्कम आहे. लाहोर केंद्रावरून मिर्झा सुलतान बेग यांनी रंगवलेला निजामदीन हा खेडुतांच्या घरातलाच माणूस झाला होता. जसविंदर भल्ला आणि बाल मुकुंद शर्मा यांनी १९८८ पासून काढलेल्या ‘छणकाटा’ या कॅसेटमालेतून चाचा चतरसिंग घरोघर पोहोचला. हे भल्ला लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात प्राध्यापक होते, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. अशी पात्रे टिकतात ती त्यांच्या स्वभावामुळे. ऐकणाऱ्याला माणूस माहीत असतो, त्यामुळे तो तोंड उघडण्याआधीच हसू येऊ लागते.

आपल्या निवेदकासाठी असाच एक माणूस घडवावा आणि त्याला ऐकू येईल असा एकच ठळक दोष द्यावा. तिसरीत चार वर्षे काढलेला चाचा, शौर्याच्या गप्पा मारणारा पण पालीला घाबरणारा निवृत्त फौजी, किंवा पाढे विसरलेला मास्टर, यांपैकी कोणीही चालेल. दोष असा निवडावा की सहा वर्षांच्या मुलाला त्यात आपण वरचढ आहोत हे चटकन कळावे. मद्यपी पात्र, बायकोला घाबरणारा नवरा, कंजूष सासू ही मोठ्यांच्या विनोदाची सामग्री इथे आणू नये.

दुसरा आवाज स्त्रीचा असावा आणि ती नेहमी मुलाची बाजू घेणारी असावी. पंजाबी घरात भूआ, म्हणजे आत्या, हे काम हक्काने करते, म्हणून पात्राला भूआच करावे. मूल निवेदकाला ‘चाचा जी’ म्हणेल आणि निवेदकाने मुलाला ‘पुत्त’ म्हणावे. हे संबोधन मुलीलाही चालते आणि कानाला गोडच लागते. निवेदकाने आपली बोली लपवू नये, मात्र मुलाच्या बोलीला हसूही नये. ‘तुमचा’ या अर्थी अमृतसरकडचे ‘माझी’ नावाची बोली बोलणारे मूल ‘तुहाडा’ म्हणेल, तर बठिंड्याचे ‘मलवई’ बोली बोलणारे मूल ‘थोडा’ म्हणेल. यावर एक जरी शेरा मारला तरी त्या पट्ट्यातले घर दुखावते.

एक प्रकार मात्र पूर्णपणे वगळावा, तो म्हणजे शिखांची थट्टा करणारे संता-बंता आणि ‘बारा वाजले’ छापाचे विनोद. मराठी घरांतही ते इतके रुळले आहेत की सांगणाऱ्याला त्यात काही बोचते याची जाणीवच राहत नाही. या विनोदांवर बंदी घालावी म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती आणि असे नैतिक नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले. कायद्याने बंदी नाही, एवढ्यावरून ते विनोद मुलांच्या कार्यक्रमात शोभून दिसत नाहीत. पगडी बांधून शाळेत जाणारा मुलगा यातले काय काय ऐकून घेतो, हे त्याच्या वर्गात बसल्याखेरीज कळायचे नाही.

दुसरी पायरी: वेळ आणि लांबी

रविवारची सकाळ उत्तम, कारण घरात आजी-आजोबांसह सगळे असतात आणि फोन मोकळा असतो. पंजाबात शाळांची उन्हाळी सुटी साधारणपणे जूनमध्ये येते, तेव्हा रोजचा छोटा भाग करता येतो. तासाभराच्या कार्यक्रमात दहा-बारा फोन पुरेसे होतात. त्याहून जास्त घेतले तर प्रत्येक मूल नाव, इयत्ता आणि टाटा यापलीकडे जात नाही.

तिसरी पायरी: फोन आणि कन्सोल

फोनचा आवाज कन्सोलवर, म्हणजे स्टुडिओतले सगळे आवाज मिसळणाऱ्या यंत्रावर, आणण्यासाठी टेलिफोन हायब्रिड हे उपकरण लागते. त्याच्याबरोबर मिक्स-मायनस ही जोडणी नीट लावलेली असावी, म्हणजे फोनवरच्या मुलाला स्वतःचा आवाज वगळून बाकी सर्व कार्यक्रम परत ऐकू जातो. ती चुकली तर मुलाला आपलाच आवाज घुमून येतो, आणि मोठा माणूस रेटून बोलत राहिला तरी मूल लगेच गप्प होते.

साध्या फोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. मुलांचा आवाज पातळ असतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांची ओळख पटवणारा भाग या पट्ट्याच्या वर राहून जातो. त्यामुळे नावे हमखास चुकीची ऐकू येतात. निवेदकाने हवेत, म्हणजे प्रसारण चालू असताना, तीन-तीनदा नाव विचारू नये. फोन घेणाऱ्याने ते आधीच लिहून समोरच्या पडद्यावर द्यावे. कन्सोलवर आवाजाची चढउतार कमी करणारा हलका कॉम्प्रेसर ठेवावा, कारण मूल पहिले वाक्य कुजबुजते आणि दुसरे ओरडते. घरच्यांना स्पीकर बंद करून फोन मुलाच्या कानाला लावायला सांगावे.

थेट प्रसारणात सात ते दहा सेकंदांचा डिले, म्हणजे आवाज उशिरा हवेत सोडण्याची सोय, आणि तेवढ्या वेळात नको ते वाक्य काढून टाकणारे डम्प बटण हाताशी असलेच पाहिजे. या डिलेमुळे एक विचित्र प्रसंग नेहमी घडतो. शेजारच्या खोलीत रेडिओ मोठ्याने चालू असतो, आपलाच आवाज काही सेकंदांनी तिकडून ऐकू आल्यावर मूल बोलणे थांबवून रेडिओकडे धावते आणि फोन पलंगावर राहतो. म्हणून ‘रेडियो दी आवाज़ बंद करो जी’ हे वाक्य फोन जोडण्यापूर्वी प्रत्येक घरी सांगितले जावे. कर्मचारी कमी असतील तर थेट प्रसारणाचा हट्ट सोडावा. सकाळी नऊ ते दहा फोन घेऊन, त्यातले चांगले निवडून अकराला लावले तर ऐकणाऱ्याच्या आनंदात काहीच उणे होत नाही. फक्त ते थेट आहे असे भासवू नये.

चौथी पायरी: फोन घेणारा माणूस

कार्यक्रमाचे यश निवेदकाइतकेच बाहेर बसून फोन उचलणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून असते आणि नेमकी हीच जागा केंद्रे नव्या प्रशिक्षणार्थ्याला देतात. ही व्यक्ती मुलांशी बोलण्याची सवय असलेली, शक्यतो थोडी वयस्क आणि न कंटाळणारी असावी. तिने आधी घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावे, मुलाचा आवाज प्रसारित करण्यास त्यांची संमती आहे हे ध्वनिमुद्रित होत असलेल्या लाइनवर विचारून घ्यावे, आणि फोन चालू असेपर्यंत ते मुलाजवळच थांबतील याची खात्री करावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तेव्हा ही केवळ शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही.

हवेत फक्त घरचे नाव आणि इयत्ता जावी. निक्की, गोलू, लाडी एवढे पुरे. शाळा, कॉलनी, गुरुद्वाऱ्याजवळचे घर, वडिलांचे दुकान यांतले काहीही जाऊ नये. खेड्यात तर गावाचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावर घर सापडते. मुले हे सगळे स्वतःहून सांगतात, म्हणून निवेदकानेही ‘किहड़ा पिंड?’ (कुठले गाव?) हा पंजाबी माणसाच्या ओठांवरचा पहिला प्रश्न इथे गिळून टाकण्याची सवय लावावी. ते जड जाते, पण जमते.

त्यानंतर फोन घेणाऱ्या व्यक्तीने मुलाशी मिनिटभर गप्पा माराव्यात आणि एकच गोष्ट हेरावी: आज हे मूल कशाबद्दल बोलायला उत्सुक आहे? दात पडला, म्हशीला रेडकू झाले, भावाने सायकल मोडली, असे काहीतरी असतेच. तेवढी एक ओळ पडद्यावर लिहावी. पाठ केलेली कविता किंवा वाचून दाखवायचा विनोद घेऊन बसलेल्या मुलाला नाही म्हणू नये, पण त्याच्या नावापुढे ‘कविता नंतर’ अशी खूण करावी. आधी गप्पा झाल्या की ती कविता वेगळ्याच जोमाने येते.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष फोन

एक फोन साधारण दीड मिनिटाचा असावा. तो कसा वळतो हे दाखवण्यासाठी एक नमुना रचून देतो. चाचाचा दोष ठरलेला आहे, तिसरीत चार वर्षे.

चाचा: हां जी पुत्त, किहड़ी जमात ’च पढ़दी एं?
निक्की: तीजी ’च।
चाचा: तीजी ’च? मैं वी तीजी ’च सी, पूरे चार साल।
निक्की: (थांबून) चार साल? फेर तां तुहानूं सारे पहाड़े आउंदे होणगे।
चाचा: लै, पुच्छ के वेख!
निक्की: सत्त अट्ठे?
चाचा: ...भूआ जी, पाणी दा गिलास देणा।
भूआ: पाणी बाद ’च, पहिलां जवाब।
चाचा: सतवंजा!
निक्की: छपंजा! चाचा जी, तुसीं पंजवां साल वी तीजी ’च लाओ।

चाचाने प्रश्न एकच विचारला, कितवीत शिकतेस, आणि तोही साधा. मग त्याने स्वतःची उणीव पुढे केली आणि गप्प बसला. ‘चार साल’ नंतरची ती शांतता दोन सेकंदांची असेल, पण नवखा निवेदक तिला घाबरून मध्येच बोलतो आणि मुलाच्या तोंडातला पुढचा प्रश्न हिरावून घेतो. रेडिओवर शांततेची भीती सगळ्यांनाच असते. मुलांच्या कार्यक्रमात ती सोडावी लागते. दुसरे, सात आठे छप्पन्न ऐवजी सत्तावन्न हे उत्तर नेमके एकाने चुकलेले आहे. चाचा ‘तीनशे’ म्हणाला असता तर तो सोंग करतो आहे हे मुलाने ओळखले असते. एकाने चुकलेले उत्तर मुलाला खरे वाटते, आणि मोठ्या माणसाची खरी चूक पकडल्याचा आनंद ते लपवू शकत नाही. तिसरे, ‘तुम्ही पाचवे वर्षही तिसरीतच काढा’ हे शेवटचे वाक्य निक्कीचे आहे. त्यानंतर चाचाने आणखी एक कोटी केली की चमोटा परत त्याच्या हातात आला. फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली, जिंगल (कार्यक्रमाची धून) वर, आणि पुढचा फोन.

मूल इतके चपखल नेहमी बोलेल असे मुळीच नाही. बहुतेक वेळा ते ‘हां’, ‘ना’ आणि ‘पता नहीं’ यांवर काम भागवते. अशा वेळी ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येते तो प्रश्न विचारूच नये. ‘तुला शाळा आवडते का’ याऐवजी ‘आज डब्यातले काय परत आणलेस’ असे विचारावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे चुकीचे विधान करणे. ‘रेडकू अंड्यातून बाहेर आले का?’ असे चाचाने गंभीरपणे विचारले की सर्वांत लाजरे मूलही गप्प बसू शकत नाही.

मागून आई सांगत असते, ‘दस्स पुत्त, दस्स!’ म्हणजे सांग बाळा, सांग. तिला दटावू नये. भूआने ‘ही मागून कोण कॉपी पुरवते आहे?’ असे म्हटले की आईही हसते आणि बाजूला होते. आजीने फोन हिसकावून घेतला तर तो घेऊ द्यावा. पंजाबी आजी हवेत आली की निवेदकाला विश्रांती मिळते.

सहावी पायरी: बुझारत, म्हणजे कोडे

गप्पांचा एकसुरीपणा मोडायला कोड्याचा भाग ठेवावा, पण तोही उलटा. कोडे मुलाने घालायचे आणि चाचाने हरायचे. पंजाबी बुझारतांचा साठा मोठा आहे आणि आजीकडून मुलाकडे तो पोहोचवणे हा कार्यक्रमाचा आपोआप होणारा लाभ आहे. ‘आला कौडियां वाला, विच मेरी भूआ नच्चे’ हे एक जुने कोडे: कवड्यांनी भरलेला कोनाडा आणि आत माझी आत्या नाचते आहे. उत्तर आहे तोंड, दात आणि जीभ. आपल्या स्टुडिओत भूआ बसलेलीच असल्याने तिने यावर रागवायचे आणि ‘मी कुठे नाचते?’ म्हणून भांडायचे, हे लिहून ठेवण्याचीही गरज नाही. ‘हरी सी, मन भरी सी’ अशी सुरुवात होणारे, दुशाला पांघरून उभ्या असलेल्या मक्याच्या कणसाचे कोडेही पिकाच्या हंगामात चांगले रंगते.

१३ जानेवारीच्या लोहडीला वेगळा भाग करावा. मुले दारोदार जाऊन लोहडी मागतात, तशीच ती फोनवरून स्टुडिओच्या दारात येतात. एका मुलाने ‘सुंदर मुंदरिये’ हे लोहडीचे गाणे म्हणायचे आणि स्टुडिओतल्या सगळ्यांनी ‘हो!’ अशी साथ द्यायची. चाचा रेवड्या द्यायला टाळाटाळ करतो, आणि मग मुले परंपरेने चालत आलेला टोला देतात, ‘हुक्का बई हुक्का, एह घर भुक्खा!’ हे घर भुकेलेले, म्हणजे कंजूष. चमोट्यासाठी इतकी तयार जागा वर्षात दुसरी नाही. फोनच्या लाइनवर समूहगान मात्र जमत नाही, कारण आवाज पुढेमागे होतात. म्हणून एका वेळी एकच मूल आणि साथ स्टुडिओतूनच.

सातवी पायरी: गाणी

मधल्या गाण्यांची यादी संगीत विभागावर सोडून चालत नाही. दारू, बंदुका आणि टोळीबाजीचा गौरव करणाऱ्या पंजाबी गाण्यांवर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आणि २०२२ च्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाने एफएम वाहिन्यांना अशी गाणी न लावण्याबद्दल बजावले. मूल ‘माझे आवडते गाणे लावा’ म्हणून नेमके तेच गाणे मागते, कारण लग्नात ते त्यावर नाचलेले असते. अशा वेळी उपदेश करू नये. चाचाने ते भलत्याच शब्दांत आणि बेसूर गायला सुरुवात करावी, मुलानेच कंटाळून दुसरे मागावे.

आठवी पायरी: गंभीर वळण लागले तर

हसताहसता मूल कधी अचानक म्हणते, पप्पा रात्री मारतात, किंवा भाऊ नशा करतो. पंजाबात दुसरे वाक्य काल्पनिक नाही. त्या क्षणी विनोद संपला. निवेदकाने आवाज न बदलता ‘पुत्त, तू लाइनवर थांब, भूआला तुझ्याशी बोलायचे आहे’ असे म्हणून गाणे लावावे आणि तंत्रज्ञाने डम्प बटण दाबून ते वाक्य हवेत जाण्याआधी काढावे. फोन तोडू नये. बाहेरच्या अनुभवी व्यक्तीने मुलाशी शांतपणे बोलावे, आणि गरज असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या मदतवाहिनीला कळवावे. जवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला लगेच जाब विचारणे टाळावे, कारण फोन ठेवल्यानंतर मूल त्याच घरात असते. कोणी काय करायचे हे कागदावर लिहून कन्सोलजवळ चिकटवलेले असावे आणि पहिल्या भागापूर्वी त्याची एकदा तालीम व्हावी.

एखादे बोलके मूल आवडले म्हणून त्याला दर आठवड्याला सहनिवेदक करण्याचा मोह होतो. तसे केल्यास तो फोन राहत नाही, काम होते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांनुसार करमणूक क्षेत्रात मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांहून अधिक किंवा विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. एवढी तयारी नसेल तर मुलाला ऐकणाराच राहू द्यावे.

परदेशातून प्रसारण असेल तर

लंडनमधले साउथॉल, कॅनडातले सरी किंवा ब्रॅम्प्टन येथून कार्यक्रम करायचा झाला तर मूल बदलते. त्याला पंजाबी कळते पण बोलताना इंग्रजी येते, आणि ऐकणारे मुख्यतः आजी-आजोबा असतात. तिथे भाषा सुधारण्याचा प्रयत्न हा चमोटा चुकीच्या हातात देण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. त्याऐवजी चाचालाच इंग्रजी येत नाही असे ठरवावे. मूल ‘स्नो’ म्हणाले की चाचाने ‘सोना? घरासमोर सोने पडले?’ असे विचारत राहावे, म्हणजे त्याला समजावण्यासाठी मूल स्वतःच ‘बर्फ’ शोधून आणते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या संहितेतील १.२८ आणि १.२९ ही कलमे वाचून घ्यावीत. पालकांची संमती असली तरी कार्यक्रमात भाग घेणाऱ्या मुलाच्या शारीरिक आणि मानसिक हिताची व प्रतिष्ठेची काळजी प्रसारकाने घ्यावी, असे त्यांत स्पष्ट आहे. नांदेडला हजूर साहिबच्या परिसरात वाढलेल्या शीख मुलांची पंजाबी मराठी-दखनी शब्द घेऊन येते. त्यांच्यासाठी कार्यक्रम केला तर हीच युक्ती मराठीबाबत वापरता येईल.

प्रसारणानंतर

कार्यक्रमाचे तुकडे इंटरनेटवर टाकायचे असतील तर त्यासाठी पालकांची वेगळी संमती घ्यावी, कारण रेडिओवरचे वाक्य हवेत विरते आणि इंटरनेटवरचे मूल सोळा वर्षांचे झाल्यावरही सापडते. बक्षीस पालकांच्या नावे पाठवावे किंवा केंद्रावर बोलावून पालकांसमोर द्यावे. निवेदकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक कोणत्याही मुलाला देऊ नये आणि फोन करणाऱ्यांचे क्रमांक महिन्याभरात पुसावेत.

राहिली न लागलेल्या फोनांची यादी. प्रत्येक रविवारी जितकी मुले हवेत येतात त्याहून कितीतरी अधिक मुले लाइनवर थांबून थांबून ठेवून देतात, आणि त्यांतल्या काहींनी शेजारच्या सगळ्या मुलांना आधीच सांगून ठेवलेले असते. फोन घेणाऱ्या व्यक्तीने ही नावे तेवढ्यापुरती वेगळ्या वहीत लिहावीत, कार्यक्रमाच्या शेवटी चाचाने त्यांतली चार-पाच घरची नावे वाचावीत, आणि पुढच्या रविवारी पहिले तीन फोन केंद्रातून त्याच घरी लावावेत.